मधलं बोलणं

साठीला टेकला तरी घरात त्याला बारक्याच म्हणत, आणि हे नाव ठेवणारी त्याची ताई. बाजारात तो वाइंडिंगवाला. जळलेल्या मोटारी त्याच्याकडे यायच्या, पंख्यांच्या, पंपांच्या, पिठाच्या गिरणीच्या, आणि तो त्यांतली करपलेली तांब्याची तार उपसून काढायचा नि नवी भरून द्यायचा. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीवर तारेची रिळं, कोपऱ्यात वार्निशचा डबा. त्या वार्निशचा वास असा चिवट, की घरी येऊन आंघोळ केली तरी बायको नाक मुरडून म्हणायची, "आलं दुकान." माणूस बोलायला कमी. त्याचा दोष नव्हता. लहानपणापासून त्याच्या वाट्याचं बोलणं ताईच बोलून टाकायची.

ताई म्हणजे तोंडाचा पट्टा. एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. बस स्टँडवर गाड्या पुकारायच्या कामाला ती लागली तेव्हा आई म्हणाली होती, "चला, आता बडबडीचा पगार तरी मिळेल." ती नुसत्या गाड्या पुकारत नसे. गाडीला उशीर झाला की माइकवरून सांगायची, "ड्रायव्हर निघालाय, वाटेत त्याला शिव्या पोचवू नका, उचकी लागून गाडी आणखी थांबेल." लोक हसायचे आणि थांबायचे. पुढं तिथं मशीन आलं, मशीनमध्ये दुसऱ्याच कुणा बाईचा भरून ठेवलेला गोड आवाज आला, आणि ताईला पासच्या खिडकीत बसवलं. ती खिडकीतून बोलत राहिली.

तिचा आवाज गेला. गेला म्हणजे बसला नव्हे. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. मानेच्या तळाशी श्वासापुरतं एक भोक ठेवलं, त्यावर जाळीची पट्टी. तेव्हापासून ती लहान मुलांच्या पाटीवर लिहून बोलायची, आणि बोलण्याइतकीच भरभर लिहायची, त्यामुळे निम्मं कुणाला लागायचं नाही. मग गाठ परत आली. या खेपेला डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. "घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला," एवढंच म्हणाले. याचा अर्थ ज्याला त्याला बरोबर कळतो.

ताईच्या मुलीला, म्हणजे बारक्याच्या भाचीला, त्याच सुमारास मुलगी झाली. नातीला आजीची मांडी मिळाली, पण आवाज मिळाला नाही. भाचीनं घर पालथं घातलं. कुणाच्या तरी फोनमध्ये आईचा आवाज सापडेल म्हणून सगळ्यांचे फोन तपासले. पण फोनमध्ये बोलून ठेवायला सांगितलं की ताई म्हणायची, "मी काय भूत आहे, पेटीत बोलून ठेवायला? समोरासमोर ऐक." भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओत ताई चांगली मिनिटभर हातवारे करून बोलताना दिसते, पण व्हिडिओवाल्यानं त्यावर बँड चढवला होता. नुसते ओठ हलतात. या जगात ताईचा आवाज उरला होता तो बारक्याच्या माळ्यावर, लहानपणच्या कॅसेटींमध्ये. वाचणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं, कारण बारक्याच्या ते ध्यानात आलं नाही.

त्या कॅसेटी कशा झाल्या तेही सांगायला हवं. ही दोघं शाळेत असताना कुणा नातेवाइकानं टाकून दिलेला एक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ नि टेप एकाच पेटीत, घरात आला. त्यावर खरखरत एक परदेशी स्टेशन लागायचं, आठवड्यातून एकदा पॉप आणि रॉकची गाणी. भाषा अर्धीमुर्धी कळायची. गाणाऱ्यांची नावं तर निवेदक अशी गिळून टाकायचा की दोघांनी आपलीच नावं ठेवली. घोगऱ्या होता. तो शेवटच्या कडव्याआधी खोल श्वास घ्यायचा आणि मग त्याचा आवाज जुन्या चादरीसारखा टर्रकन फाटायचा. किंचाळ्या होता, त्याचं गाणं लागलं की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कुणी मारतंय का त्याला?" आणि थोरली होती. थोरली सुरुवातीला इतकं साधं गायची की वाटावं, शेजारणीशी बोलतेय, आणि शेवटी एक सूर धरायची तो सोडायचीच नाही. ती गात असताना ताईसुद्धा गप्प बसायची. यावरून तिची योग्यता समजावी.

घोगऱ्या बारक्यानं शोधलेला, थोरली ताईनं. एकानं नवा गायक आणला की दुसऱ्यानं डोळे मिटून तो पुरता ऐकायचा, गाणं संपेपर्यंत मधे बोलायचं नाही, असा नियम होता. नियम ताईनं केला होता आणि मोडायचीही तीच.

गाणं टेप झालं की ती रेडिओ बारीक करून टू-इन-वनच्या माइकवर स्वतः बोलायची. निवेदकाला काय कळतंय, म्हणायची. कोण गायला, कसा गायला, पुढं कोण येतोय, त्याच्या घरी आज काय झालं असेल, सगळं मनानं रचून. कधीकधी पुढचं गाणं सुरू झालं तरी हिचं चालूच. बारक्या चिडायचा. त्याला घोगऱ्याचा पहिला सूर हवा असायचा आणि त्यावर हिची बडबड सांडलेली असायची. तो ओरडायचा, "गप ना, ताई!" आणि तेही टेप व्हायचं. पुढं दोघांची लग्नं झाली, केस पिकले, तरी हे भांडण मिटलं नाही. ताई म्हणायची, खरा कार्यक्रम माझा, गाणी आपली मधे मधे. बारक्या म्हणायचा, गाण्यांची माती केलीस.

तर एका दुपारी तो ताईला भेटायला गेला. ती मागच्या खोलीत खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, "कॅसेटी आहेत?"

"आहेत की. माळ्यावर."

"आण. ऐकायच्यात."

भाची दाराशी बाळाला खांद्यावर थोपटत उभी होती. ती म्हणाली, "मामा, लवकर आणा हं. तिनं कितीदा विचारलं. कशासाठी हव्यात ते तुम्हाला माहितीये ना?"

"मला नाही माहीत तर कुणाला असणार?" बारक्या म्हणाला, आणि हे तो अगदी खऱ्या मनानं म्हणाला. त्याला वाटलं, घोगऱ्या. त्याला वाटलं, थोरली.

बिस्किटांच्या डब्यात कॅसेटी निघाल्या. बहुतेकींना बुरशी लागली होती. एकच धड होती. टू-इन-वन केव्हाच भंगारात गेलेला, म्हणून जुनी रेकॉर्डिंगं नवी करून देणाऱ्या एका स्टुडिओवाल्याकडे तो गेला. स्टुडिओवाल्यानं कॅसेटमधली पट्टी बोटावर घासून पाहिली. बोटाला तपकिरी भुकटी लागली. "काका, हिचा लेप सुटलाय," तो म्हणाला. "एकदाच चालेल. त्या एकदात जे येईल ते आपलं, मग हिनं राम म्हटला."

"चालेल. पण काम स्वच्छ पाहिजे. खरखर नको."

आयुष्यात पहिल्यांदाच ताईसाठी काहीतरी नीट करून न्यायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. ती आजारी पडल्यापासून त्याला काही सुधरत नव्हतं. लोक फळं नेत, धीर देत. त्याला धीर देता यायचा नाही. तिच्यासमोर बसला की तिच्या मानेवरची पट्टी श्वासागणिक वरखाली व्हायची, आणि तो खिडकीबाहेर बघायचा. वस्तू दुरुस्त करणं मात्र त्याला येत होतं.

दोन दिवसांनी स्टुडिओवाल्याचा फोन आला तेव्हा त्याचे दोन्ही हात एका पंपाच्या मोटारीत गुंतले होते आणि शेजारी चाचणीला लावलेली दुसरी मोटार घोंघावत होती. फोन खांदा आणि कानात धरून तो ओरडला, "बोला."

"काका, सगळं मशीनवर घेतलं. गाणी झकास आलीत. पण मधे मधे एक मुलगी बोलतेय, गाण्यांवरसुद्धा चढलीय. ठेवायचं का काढायचं?"

बारक्या हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "काढा हो ते. सगळी हयात मी तेच सांगतोय तिला."

"नक्की ना? मूळचं मी ठेवत नाही, जागा लागते."

"नक्की. फक्त गाणी ठेवा." आणि त्यानं तार ओढायला घेतली.

ताईचा आवाज गेलाय हे त्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? माहीत होतं. पण त्याच्या डोक्यात ती अजून बोलतच होती. सकाळी दुकान उघडताना, जेवताना, वेंधळेपणा झाला की तिथल्या तिथं. जी गोष्ट कानात चोवीस तास वाजते ती कुठं जपून ठेवावी लागते, हे त्याला सुचलंच नाही.

गाणी फोनमध्ये घेऊन तो ताईकडे गेला तेव्हा तिनं केस विंचरून घेतले होते. भाचीनं बाळाला तिच्या मांडीवर दिलं आणि स्वतः पायाशी बसली. बारक्यानं फोन छोट्या स्पीकरला जोडला. ताईनं सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून दाखवलं. मग डोळे मिटले.

घोगऱ्या गायला. काय गायला! खरखर नाही, धूळ नाही, तो श्वास तर असा की खोलीतच कुणी घेतला. त्याचं गाणं संपलं. ताईनं डोळे उघडले, एक बोट वर केलं आणि बाळाचं डोकं स्पीकरकडे वळवलं.

क्षणभर शांतता झाली आणि किंचाळ्या सुरू झाला.

ताईनं बारक्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, शाबासकी देतेय. "बघ कसं लख्ख झालंय," तो म्हणाला. ती बघतच राहिली. किंचाळ्या संपला. तिनं पुन्हा बोट वर केलं, या वेळी जरा कमी, आणि पुन्हा तीच मोकळी जागा आली आणि गेली.

भाची म्हणाली, "मामा, आईचं बोलणं कुठंय?"

"ते काढलं की. मधे मधे येत होतं, म्हणून..." त्यानं हात लांब करून गाणं थांबवलं.

ताईनं पाटी ओढली. "परत आण."

तो गॅलरीत गेला आणि त्यानं स्टुडिओवाल्याला फोन लावला. स्टुडिओवाला भला माणूस, वैतागला नाही. म्हणाला, "काका, तुम्हाला विचारलं होतं. मशीन मी त्याच दिवशी रिकामं केलं." पट्टीचं विचारलं तर म्हणाला, "तिच्यावर आता काही नाही. आरपार दिसतंय." बारक्यानं पुन्हा विचारलं, थोडं तरी, एखादं वाक्य. तिकडून उत्तर तेच आलं. गॅलरीत शेजारच्यांचे कपडे वाळत होते. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिला. आत जावं लागू नये असं त्याला वाटत होतं.

आत गेला तेव्हा ताईला सांगावं लागलं नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पाटी फेकून मारली असती तरी त्यानं ती उचलून पुन्हा तिच्या हातात दिली असती. ती रडत होती, आणि तिच्या रडण्यालाही आवाज नव्हता. मानेवरची जाळी फडफडत होती, एवढंच. बारक्या तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "ताई, मी गाढव आहे." तिनं मान हलवली. नाही म्हणाली की हो म्हणाली, ते त्याला कळलं नाही.

जरा वेळानं तिनं पदरानं पाटी कोरडी केली आणि लिहिलं. या वेळी सावकाश, सगळ्यांना लागेल अशा अक्षरात. "तू सांग हिला. मी काय म्हणायचे."

भाची सरसावून बसली. बाळ टकामका बघत होतं. बारक्यानं घसा साफ केला.

घोगऱ्या कुठं श्वास घेतो ते त्याला माहीत होतं. किंचाळ्याचा आवाज कुठं चिरकतो, थोरली कोणत्या शब्दावर तो सूर धरते, झोपेत विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. ताई काय म्हणायची ते मात्र आठवेना. ती बोलायची तेवढा वेळ तो ती कधी थांबते याची वाट बघत असायचा. तिनं घोगऱ्याच्या घराबद्दल काय काय रचलं होतं, थोरलीला काय म्हणाली होती, सुरुवात कशी करायची, काही म्हणजे काही नाही. त्या सगळ्या पट्टीवरचं बोललेलं एकच वाक्य त्याला शब्दशः आठवत होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. "गप ना, ताई."

"आठवत नाही," तो म्हणाला.

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. मग पाटी उशीशी उभी करून ठेवली आणि बोटानं फोन दाखवला. लाव.

त्यानं लावलं. थोरली सुरू झाली, शेजारणीशी बोलल्यासारखी. ताईनं डोळे मिटले. नियमाप्रमाणे बारक्यानंही मिटले. गाणं संपलं, मधली जागा आली, दुसरं लागलं, तेही संपलं. बाळ झोपून गेलं. शेवटपर्यंत मधे कुणी बोललं नाही.