डेकवरची जागा

पुण्याला समुद्र नाही, त्यामुळे जहाजांविषयी मतं प्रत्येकाला असतात. मलाही होती. कचेरी सुटली की मी बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आरमारी चित्रं हुडकत फिरायचो. स्वातंत्र्यानंतर निघून गेलेल्या साहेबांची पुस्तकं तिथे ढिगाने येत. त्यातच एका जपानी विनाशिकेचं मोठं चित्र मिळालं. पहिल्या महायुद्धात जपानने जुनाच आराखडा उचलून, अनेक गोद्यांत एकाच वेळी, घाईघाईने ज्या दहा बोटी बांधल्या, त्यांपैकी ही एक. कोळसा आणि तेल दोन्हींवर चालणारी, लांब, बारीक, पाण्याला टेकलेली.

या बोटी भूमध्य समुद्रात इंग्रजांच्या सैन्याची जहाजं राखायच्या. पलटणीची खेचरं सांभाळायला गेलेल्या माझ्या वडिलांचं जहाज तिथेच पाणबुडीने फोडलं आणि अशाच एका विनाशिकेने त्यांना पाण्यातून उचललं. त्यांचा वारज्याचा जोडीदार परत आला नाही. सरकारने ‘बेपत्ता’ एवढंच कळवलं. वडिलांनी त्याच्या बायकोला सांगितलं, त्याला दुसऱ्या विनाशिकेने घेतलंय, असेल कुठल्यातरी बंदरात. त्या शब्दावर काकूंनी तिसाहून जास्त वर्षं कुंकू लावलं.

चित्र वडिलांपुढे ठेवून मी शहाणपणा पाजळला, "सगळी रचना वेगासाठी. एवढ्याशा डेकवर तुम्ही मावलात कसे?"

"मावलो नाही," ते म्हणाले.

मग पहिल्यांदाच सगळं बोलले. डेकवर पाय ठेवायला जागा नव्हती, बोट एका अंगाला कलत होती. पाणबुडी जवळच असल्याने फार वेळ थांबणंही शक्य नव्हतं. वडील वाकून जोडीदाराचं मनगट धरून होते. बोटीने वेग घेतला आणि मनगट सुटलं. तो बोटीच्या पंख्याखाली ओढला गेलेला त्यांनी पाहिला. दुसरी विनाशिका नव्हतीच.

"आता वहिनींना सांगून टाकतो. हे घेऊन मला मरायचं नाही."

मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली. त्या बाईचं अख्खं आयुष्य वाट बघण्यात गेलं होतं.

काकू बाजाराच्या दिवशी भाजी विकून आमच्याकडे टेकत. त्या आल्या तेव्हा वडिलांनी चित्र पुढे केलं. काकूंनी डेकवरून बोट फिरवलं.

"लई अरुंद हाय."

"वहिनी, त्या दिवशी दुसरी बोट..."

"भावजी, म्होरं बोलू नगा." त्यांचा आवाज शांत होता. "मला कवाच कळलंय. इतक्या वर्सांत तुम्ही एकदाबी इचारलं न्हाई, त्याचा काय निरोप आला का म्हनून. पन तुम्ही बोललात की मला कुंकू पुसावं लागंल. मग दीर मला त्यांच्या वाटणीच्या रानात पाय ठिवू द्यायचा न्हाई. कुठं जाऊ मी या वयात?"

काकूंनी चहा घेतला, रिकामी पाटी उचलली आणि निघाल्या.

पुढच्या बाजारी त्या आल्या तेव्हा वडील खाली बघत म्हणाले, "वहिनी, त्याचा काही निरोप?"

"न्हाई, भावजी."

मरेपर्यंत दर बाजारी ते विचारत राहिले.