शेहेचाळीस, शून्य, शून्य

वसईजवळच्या पापडी गावची जुलियाना माझी नात्यानं कुणी नव्हे, पण तिला मावशी न म्हणणारं घर आमच्या आळीत नव्हतं. माहेर तिचं भातशेतीच्या गावचं. कित्येक वर्षं पापडीत नांदली तरी पाण्याला ‘पानी’च म्हणायची. कुणी हसलं तर विचारायची, “तुमचं पानी जास्त ओलं हाय काय?”

नवरा इग्नेशियस वारल्यावर विहिरीलगतचा तुकडा तीच कसत होती. पण सातबाऱ्यावर धाकटा दीर फर्डिनंड याचंही नाव होतं. तो मुंबईत कारकून. अठ्ठ्याहत्तर साली कामणकडचा एक वीटभट्टीवाला त्याला भेटला. त्याला त्या तुकड्यातली माती हवी होती.

“वहिनी, केळी रोगानं गेली, पानवेल गेली,” फर्डिनंड म्हणाला. “त्या तुकड्यात आता पिकतंय काय?”

“आनि माती गेल्यावर खड्ड्यात काय लावू? मासे?”

शेवटी ठरलं ते असं : गावातली भातकापणी सरल्यावर मावशीनं तिथं लाल भोपळा लावायचा. ईस्टरपर्यंत तुकडा भोपळ्यांनी भरला तर माती द्यायची नाही. नाही भरला तर भट्टीवाल्याची बैलगाडी आत.

फर्डिनंड मनाचा वाईट नव्हता. खताची गोणी त्यानंच आणून टाकली. “दुकानात आकडे वाचून आणलीय. बाकीच्यांवर पंधरा-पंधरा, हिच्यावर शेहेचाळीस. घ्यायचं तर पहिल्या नंबराचं!”

तो युरिया होता. मावशीनं तो घातला, आणि दर सालच्या सवयीनं कळंबच्या लीला कोळणीकडची सुक्या मासळीची कुटी, म्हणजे कुटलेल्या मासळीचं खत, तेही घातलं. वेल असे माजले की नाताळाला पानं सुपाएवढी झाली. फर्डिनंड सणाला आला तो बांधावर बघतच राहिला.

“जिंकलात, वहिनी! उद्याच भट्टीवाल्याला ‘नाही’ म्हणून कळवतो.”

दुसरी कुणी असती तर गप बसली असती.

“थांबा, भावजी. पान उचला नि मला भोपळा दाखवा.”

त्यानं पान उचललं. मग दुसरं. “फुलं आहेत की ढीगभर.”

“सगळी नर. मादी फुलाच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा असतो. दिसतो एक तरी?”

“अहो, पण मी तर जिंकलात म्हटलं होतं. बोललात कशाला?”

“पानं बघून दिलेला शब्द पानं वाळली की फिरवाल. ईस्टरलाच या.”

दुसऱ्या दिवशी रिकामी गोणी काखेत मारून ती वसई गावात हरिभाऊंच्या खताच्या दुकानात गेली.

“हरिभाऊ, त्या गोनीवर तीन आकडे नि हिच्यावर एकच कसा?”

“बाकीचे दोन शून्य आहेत, मावशी. शून्य कोण छापतो?”

“शेहेचाळीस कसले?”

“शंभर किलोत शेहेचाळीस किलो नत्र. स्फुरद नाही, पालाश नाही.”

“मग बाकीचं काय भरलंय? माती?”

हरिभाऊ हसले. “नत्राला धरून ठेवणारं. नुसतं नत्र गोणीत थांबायचं नाही, उडून जाईल. नत्र पानाला, स्फुरद मुळाला नि फुलाला, पालाश फळाला. ओळीनं तीन आकडे तेच.”

“आनि मासळीत?”

“नत्र भरपूर, थोडं स्फुरद. पालाश नावाला.”

“म्हंजे मी पानालाच दोनदा वाढलं, नि फळ उपाशी! राखेत पालाश असतं?”

“लाकडाच्या राखेत असतं की.”

तेवढं तिला पुरलं. युरिया बंद, मासळी बंद. दुकानातून सुपर फॉस्फेट आणलं ते स्फुरदासाठी. पालाशासाठी पाववाल्या फ्रान्सिसच्या बेकरीतली राख आणली. तो ती खड्ड्यात फेकायचा, फुकट मिळाली. वेलांचे शेंडे खुडले, पाणी कमी केलं.

आळीला विषयच मिळाला. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी आमच्याकडं देवळात कपाळाला राख लावतात. हेलन कुंपणावरून ओरडली, “काय गं जुलियाना, राखेचा बुधवार यंदा भोपळ्यांना आधी आला?”

“आला. तुझ्या कपाळाला उरली तर ठेवीन!”

पंधरवडाभर काही झालं नाही. मावशी रोज सकाळी वेल चाळायची नि न्याहारीला पाव चहात बुडवून निवांत खायची. मग एका सकाळी बुडाशी गाठ असलेलं फूल दिसलं. आठवड्यात तशी फुलं इतकी झाली की मोजायची तिनं सोडून दिली. उपवासकाळात घराघरात मटण बंद झालं, आणि इकडे भोपळे रंगावर आले.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात फर्डिनंड आला. पानं पिवळी, फाटकी, जमिनीला लागलेली. त्याचा चेहरा पडला.

“वहिनी, वेल तर मेले हो!”

“वेल कोन खानार हाय? जरा खाली बघा.”

बांधापासून विहिरीपर्यंत भोपळेच भोपळे. त्यानं एक उचलायला घेतला, अर्ध्यावर सोडून दिला, नि त्याच्यावरच बसला. मग उठला, सायकल घेतली नि थेट कामणला गेला. संध्याकाळी घामाघूम होऊन परतला तेव्हा मावशी भोपळे चुलीशेजारी रचत होती.

“सांगितलंत?”

“सांगितलं. तो म्हणतो, पुढच्या साली परत येतो.”

“येऊ दे,” मावशी म्हणाली. “पुढच्या साली तिथं दुधी हाय. तो वरचा जरा इकडे द्या, भावजी. देठ धरू नका, तुटेल.”