भिंतीपलीकडच्या दोन भाकरी

बानूभाभी दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी ब्लाउजपीसचे गठ्ठे लावत होते. भाभी दुकानात कधी येत नाहीत, निरोप पाठवतात. त्यांच्या हातात गंगाकाकूंचा दुपारचा डबा होता, भरलेला, जसाच्या तसा. "सुमनताई, काकू गेल्या," एवढंच म्हणाल्या. मी शटर ओढलं आणि चालता चालता कामं मनात लावत गेले... पुण्याला काकूंच्या मुलाला फोन, डॉक्टर, मग अंत्यविधीसाठी जंगमस्वामींना निरोप. सगळं क्रमाने पार पडलं. आता महिना उलटल्यावर त्या क्रमाचीच लाज वाटते.

काकूंच्या यजमानांचं धारूरच्या बाजारात भुसाराचं दुकान होतं. ते गेले, दुकान विकलं गेलं, आणि त्यांच्या मुलाला, शिवाला, पुण्याजवळच्या एका नव्या कंपनीत नोकरी लागली. गावात छपरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवत होत्या, पोरं एकामागून एक पुण्याकडे निघत होती, ते दिवस. त्याने आईलाही नेलं. दिवाळीला गेलेल्या काकू संक्रांतीच्या आधीच पिशवी घेऊन एसटीतून उतरल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "भाकर थापाया बसलं की खालच्या मजल्यावरची बाई वर येती. आवाज हुतो म्हनं. आता भाकरीचा आवाज न्हाई तर कशाचा हुनार, बाई?"

शिवा आईच्या पाठोपाठ आला, तो चिडूनच. एकटीला ठेवणार नाही, म्हणाला. तेव्हा मीच पुढे झाले. गल्लीतल्या आम्ही बायका बघू, माझा शब्द, असं त्याला सांगितलं. पाळ्या ठरवल्या. नळाला पाणी आलं की कोणी भरायचं, दळण कोणी आणायचं, गोळ्या संपायच्या आत कोणी आणून द्यायच्या, सगळं माझ्या हाताने लावलेलं. सकाळचं तेवढं मला ठरवावं लागलं नाही. काकूंच्या आणि बानूभाभींच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत. भाभी म्हणाल्या, लाकडी काटवटीवर भाकरीची थाप पडली की काकू उठल्या समजायचं, नाही पडली तर मी जाते. ते चाललंही छान. एकदा पहाटे भिंत गप्प राहिली, भाभींनी जाऊन दार ढकललं, तर काकू तापाने फणफणलेल्या. डॉक्टर वेळेवर आले. चार दिवसांनी काकू पुन्हा काटवटीशी बसल्या आणि मी माझ्या व्यवस्थेवर खूश झाले.

मागच्या उन्हाळ्यात तव्याने त्यांचं मनगट भाजलं. फोड मोठा होता. मी लगेच ठरवून टाकलं की आता चूल बंद, दोन्ही वेळचा डबा आम्ही देणार. काकू मनगटाला तूप चोळत बसल्या होत्या. "कावून? हात मोडलेत का माझे? लई झालं तुझं पाळ्या लावनं. पानी भरा, दळन आना, भाकर माझी मलाच थापू दे." मी खूप समजावलं. त्या ऐकेनात. शेवटी मी म्हणाले, "काकू, हे शिवाच्या कानावर गेलं तर तो तुम्हाला घेऊन जाईल." त्यांनी तुपाची वाटी बाजूला सारली. "मंग आना डबा," म्हणाल्या. त्यांना कशाची भीती आहे हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी नेमकं तेच वापरलं. तेव्हा त्याला मी काळजी म्हटलं.

डबा त्यांनी रिकामा कधी परत केला नाही. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी गुळाचा खडा. काटवट धुऊन, फडक्याने झाकून भिंतीला टेकवून ठेवली होती. बसल्या जागी त्या थकत गेल्या, ते वयामुळे असं मी धरून चालले. आणि भिंत रोजच गप्प झाली, त्याचं काय करायचं हे कुणीच कुणाला विचारलं नाही. भाभींना वाटलं, डबा सुमनताईंचा म्हणजे सकाळही त्यांचीच. मला वाटलं, सकाळ तर भाभींची आहेच. त्या दिवशी काकू न्हाणीशी पडलेल्या सापडल्या त्या दुपारचा डबा घेऊन भाभी गेल्या तेव्हा. डॉक्टर म्हणाले, पहाटेच पडल्या असाव्यात. लवकर कळलं असतं तर वाचल्या असत्या? मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

शिवाने बोल लावला नाही. उलट, तुम्ही होतात म्हणून आई तिच्या मनासारखी तिच्या घरात राहिली, म्हणाला. मी मान खाली घालून चहाचे कप गोळा केले. घराला कुलूप लावताना, काही हवं तर घ्या, म्हणाला. मी काटवट घेतली.

आमच्याकडे बरीच वर्षं पोळ्याच होत्या. आता सकाळी मी भाकरी थापते. काटवटीला काकूंच्या तळव्याचा खळगा पडलाय, एका बाजूला, त्यात माझा हात बसत नाही, भाकर काठाला चिरते. बानूभाभींचं घर समोरच आहे. पहिली थाप पडली की त्यांची खिडकी उघडते. आम्ही एकमेकींशी यावर बोललेलो नाही. घरात खाणारी चार माणसं आहेत, भाकरी पुष्कळ लागतात, पण दोन झाल्या की मी जरा थांबते... काकू दोनच करायच्या, एक सकाळची, एक रात्रीची. तेवढ्यात समोरची खिडकी हळूच बंद होते. मग मी पुढचं पीठ घेते.