एका पट्टीचं काम

फेरीबोट धक्क्यावरून सुटली तेव्हा हॅम्बर्गचा पाऊस आडवा येत होता आणि माझी छत्री उलटी झाली होती.

"आई, इथे छत्री कुणी वापरत नाही," लेक मुग्धा म्हणाली. पुण्याहून एवढी वागवत आणलेली, म्हणून मी ती उलटीच धरून बसले.

एल्ब नदीपलीकडच्या चर्चमध्ये मुग्धा समूहगानात गाते. तिथला म्हातारा ऑर्गनवादक याप मूळचा डच. तरुणपणी वर्षभरासाठी आला, गाणाऱ्यांतल्याच एका मुलीच्या प्रेमात पडला आणि राहिला. गावातली बारशी, लग्नं, अंत्यविधी, सगळ्यांसाठी तो काही ना काही रचत आला. बायकोसाठी मात्र ती गेल्यावरच रचलं. तिच्या स्मरणाच्या प्रार्थनेत आज ते वाजायचं होतं.

चर्चच्या दाराशी मी सवयीने बूट काढले. मोजा अंगठ्याशी फाटलेला. वर ऑर्गनच्या माडीवर गेलो, तर यापही बूट बदलत होता. ऑर्गन पायांनीही वाजवतात, त्याला पातळ तळाचे बूट लागतात. माझ्या मोज्याकडे पाहून तो काही बोलला.

"तुम्हीही वादक दिसता, म्हणतोय," मुग्धा हसली आणि मी पेटी वाजवायचे हे तिने सांगून टाकलं.

वाजवायचे! परकर सोडून नुकती साडीत आलेली मी भजनी मंडळात अशा हरकती घुसडायचे की बुवा पुढची ओळ विसरत. लोक माझी बोटं बघायलाच येतात, अशी माझी खात्री होती. शेवटी बुवांनी माझ्यापुढे सूरपेटी सरकवली. "तू नुसता सा धर, बाई." आठवडाभर मी तोंड फुगवून बसले होते.

यापने मुग्धाकरवी आपली अडचण सांगितली. त्या रचनेत पहिल्यापासून शेवटपर्यंत एक सूर पायाच्या पट्टीवर धरायचा असतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय तेवढा टिकत नव्हता.

"पट्टीवर वजन ठेवा की," मी म्हटलं.

"ठेवलं होतं. पण शेवटी ते मलाच उचलावं लागतं. तेच जमत नाही. मी पान उलटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो."

"म्हणजे मी नुसता सा धरायचा?"

"गेनाऊ (अगदी बरोबर)!"

बुवा, जिंकलात.

प्रार्थना सुरू झाली तशी मी यापच्या शेजारी बसले आणि त्याच सुराची हाताची पट्टी बोटाने दाबली. डावा हात हवेतच भाता मारू लागला. मुग्धाने तो पकडून मांडीवर ठेवला. मधलं बोट शेजारच्या पट्टीकडे जायला शिवशिवत होतं. त्याला दटावलं.

यापने दोन्ही हात उचलले. आता माझा एकटीचा सूर उरला.

"आई, कधी सोडणार?" मुग्धा कुजबुजली.

मला काय ठाऊक! याप डोळे मिटून बसला होता. मग त्याने लांब श्वास सोडला. त्याच श्वासाबरोबर मी बोट उचललं.

छपरावरचा पाऊस ऐकू आला. यापने पान मागे उलटलं नाही. बूट बदलायला वाकला.

परतीच्या फेरीत त्याने दिलेला फ्रान्त्सब्रोट्शन (दालचिनीचा गोड पाव) आम्ही दोघींनी वाटून खाल्ला.

पुण्याला आल्यावर पेटी काढली. बराच वेळ सा धरून बसले. मग घरात कुणी नाहीसं बघून एक हरकत घेतलीच.