संक्रांतीची काळी साडी आणि आकाशाचा कॅमेरा

“साडी काळीच हाय, बाई. ही बघा.” आक्काताईंनी पिशवीतली साडी माझ्या काउंटरवर टाकली. शेजारी सचिन मान खाली घालून उभा.

सांगलीत माझं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान आहे. सचिन वडूजकडचा फोटोग्राफर. पोटासाठी लग्नांचे फोटो काढतो आणि हौसेसाठी तेजोमेघांचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या लालसर उजळणाऱ्या वायूच्या ढगांचे. साध्या कलर कॅमेऱ्यात सेन्सरपुढे फिल्टरची एक काच असते. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश ती अडवते, पण त्या ढगांचा लाल रंगही बराचसा खाते. दिवाळीआधी ती काढून मीच साधी पारदर्शक काच बसवून दिली होती. “आता हा फक्त आकाशाचा. कार्यक्रमाला न्यायचा नाही,” असं बजावलंही होतं. तो हो म्हणाला. सगळेच हो म्हणतात.

ऐन संक्रांतीला त्याचा दुसरा कॅमेरा बिघडला आणि त्याने हाच नेला. आक्काताईंच्या सुनेची पहिली संक्रांत. अंगावर हलव्याचे दागिने, आणि काळी साडी फोटोत चक्क मरून रंगाची.

“भावकीतल्या बाया इचारत्यात, सुनंला काळी साडी बी घेतली न्हाई व्हय? लेक मिलिट्रीत. सुट्टी संपली, गेला. हलवा पोरांनी खाल्ला. आता परत कसा काढायचा फोटू?”

“एडिटिंग करून बघितलं, ताई,” सचिन पुटपुटला. “साडी काळी केली की कुंकू बी काळं पडतंय. गावात माझं नाव गेलंय.”

त्याला रागवायचंही त्राण नव्हतं माझ्यात. साडीचा एक फोटो माझ्या फोनने काढला, एक त्याच्या कॅमेऱ्याने. फोनमध्ये काळी, कॅमेऱ्यात मरून.

“काकू, साडीत खोट नाही. काही काळे रंग तो न दिसणारा प्रकाश परत फेकतात. आपल्याला दिसत नाही, आकाशाच्या फोटोंसाठी बदललेल्या ह्या कॅमेऱ्याला दिसतो.”

“म्हंजी त्याला नको ते दिसतंय म्हणा की.”

इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. कलर फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांचा बनतो. घोळ मुख्यतः लाल भागात होता. मी फक्त निळा भाग ठेवून फोटो ब्लॅक अँड व्हाइट केले आणि चेहरा थोडा उजळला. साडी काळी झाली, हलवा पांढराशुभ्र.

आक्काताई स्क्रीनवर वाकल्या. “आमच्या लग्नाचा असाच हाय भित्तीवर,” त्या म्हणाल्या. “चालंल. लेकाला धाड आधी.” मग सचिनकडे वळल्या. “आन् आभाळाचं काय काढतोस रं?”

त्याने मोबाइलवर मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवला. लालभडक.

“हितं लाल शोभतंय गड्या.”

सचिन हसला नाही. कॅमेरा माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “ताई, जुनी काच परत बसवा. दुसरा कॅमेरा दुरुस्त हुईल तवा हुईल. लग्नसराई तोंडावर हाय.”

मला वाईट वाटलं. पण एका कॅमेऱ्याला दोन नोकऱ्या झेपत नाहीत, हे या धंद्यात रोज कुणाला तरी सांगावं लागतं.

जुनी काच बसवून दिली. काढलेली पारदर्शक काच डबीत ठेवली आणि झाकणावर त्याचं नाव लिहिलं. डबी आतल्या कपाटात नाही टाकली. हाताशी, वरच्या खणातच आहे.