बाप्पा, बोयटं आणि तळ्यातली बाय

सिप्रियन मूळचा पाचूबंदरचा, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जाणाऱ्या घरातला. पण डेल्फिनशी लग्न करून घरजावई झाला आणि तुळिंजच्या अलीकडच्या तळ्याकाठी येऊन पडला. "दर्या सोडून डबक्यात गेला," असं पाचूबंदरवाले म्हणायचे. आता यात खोटं काय होतं?

पण त्याला मान मिळाला तो याच डबक्यामुळं. भोवती इमारती उठल्या, नोकरदार मंडळी राहायला आली, त्यांनी गणपती बसवला. आणायचे थाटात, विसर्जनाला पाण्याशी आले की मात्र सगळे एकमेकांकडे बघायचे. पोहणारा एकच, सिप्रियन. गळ्यात क्रूस, डोक्यावर बाप्पा. मधल्या खोल पाण्यात जाऊन तीन बुड्या, आणि त्याही सावकाश, कारण काठावरच्या बायका बघत असत. सोळा वर्षं हे चाललं. बाकीचं वर्षभर सिप्रियनला घरातसुद्धा कोणी विचारत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात तळ्यात मगर आली. कुठून आली, याच्या तुळिंजच्या बाजारात भाजीवाल्यागणिक वेगळ्या हकिकती होत्या. मंडळाचे अध्यक्ष चंद्रहासराव कचेरीतल्यासारखे बोलले, "सिप्रियनकाका, गणपतीपर्यंत मगर धरली गेली तर विसर्जन इथं. नाहीतर टेम्पो करून अर्नाळ्याला, समुद्रावर. तिथं पोरं आहेत."

तिथं पोरं आहेत! सिप्रियनला दोन दिवस जेवण गेलं नाही.

वनखात्याच्या माणसांनी पिंजरा लावला, आत कोंबडी बांधली. सकाळी पिंजऱ्यात एक लठ्ठ कुत्रा पिसांवर डोकं ठेवून झोपलेला. दुसऱ्यांदा कोंबडी बांधायला मंडळानंच हरकत घेतली. श्रावण लागला होता आणि समोर देऊळ. मग पिंजऱ्यात काय ठेवायचं यावर बैठक झाली. कोणीतरी पनीर सुचवलं म्हणे. सिप्रियननं स्वतः पाग फेकून पाहिला, तर जाळ्यात प्रेशर कुकर आला, झाकणासकट. काठावरून एक बाई ओरडली, "अय्या, आमचाच!"

गणपतीला पंधरा दिवस उरले तेव्हा सिप्रियन दोरीचा फास घेऊन भरदुपारी करंजाच्या झाडामागे दबा धरून बसला. बरोबर बारा वाजता पलीकडच्या पायरीवर डेल्फिन विकायच्या मासळीची टोपली घेऊन आली. खवलं काढली, डोकी उडवली, पाण्यात टाकली. आणि पाण्यातून एक लांबडं तोंड वर आलं, ठरलेल्या गिऱ्हाइकासारखं.

"ये गो बाय," डेल्फिन म्हणाली. "आज तीनच डोकी हायत. श्रावन हाय ना."

सिप्रियन फास टाकून उठला. "डेल्फिन! म्हंजे तूच हिला पोसतेस?"

"मंग? ही आली नि रिक्षा धुनारे पळाले. माज्या टोपलीत साबनाचं पानी उडायचं बंद झालं. तू बोलून बोलून दमला व्हतास, हिनं एकदा तोंड उघडलं."

"अगो, माजा बाप्पा अर्नाळ्याला चाललाय!"

डेल्फिननं टोपली बाजूला सारली. नवऱ्याला तिनं असं रडवेलं कधी पाहिलं नव्हतं. निदान त्याच्या आईच्या मयतानंतर तरी नाही.

त्या संध्याकाळी सिप्रियन चंद्रहासरावांकडे गेला. "मगर धरता येत नाय. पन बारा वाजता ती कुठं असते, ते मला ठाऊक हाय. विसर्जन बाराला करा."

"भर उन्हात?" चंद्रहासराव म्हणाले. पण विनयावहिनी आतून म्हणाल्या, "उत्तरपूजा झाली की झालं. उन्हाला काय होतंय? तुम्हालाच झोपायचं असतं." पुढे अध्यक्षांचं काय चालणार?

आता अडचण डेल्फिनची. गणपतीत मासळी कोण घेणार, आणि मासळी खपल्याशिवाय डोकी कुठून यायची? दीड दिवसाच्या दुपारी ती टोपलीभर बोयटं, अख्खीच्या अख्खी मासळी, घेऊन पायरीवर बसली, वर केळीचं पान झाकून.

"त्या पलीकडे काय करताहेत?" चंद्रहासरावांनी विचारलं.

"तीपन आरतीलाच बसलीय," म्हणत सिप्रियननं बाप्पा डोक्यावर घेतला.

ताशेवाले घामानं निथळत होते. सिप्रियन कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला. पलीकडे पाणी खळबळलं. पहिलं बोयट. सिप्रियननं पहिली बुडी दिली, सावकाश. दुसरी, सावकाश. तेवढ्यात पलीकडून हाक आली,

"सिप्रियन, संपली रे! निघ!"

काठावर कोणाला काही कळलं नाही. मंडळी "मोरया" ओरडत राहिली. तिसरी बुडी त्यानं घाईत उरकली असं चंद्रहासराव आजही सांगतात. विनयावहिनी म्हणतात, छे, उलट सगळ्यात लांब तीच. डेल्फिनचं म्हणणं निराळं. तो शांतपणे बाप्पाला सोडून, एकदाही मागं न बघता बाहेर आला, आणि काठानं वळसा घालून पायरीवर तिच्या शेजारी बसल्यावर मात्र त्याचे गुडघे असे वाजायला लागले, की तिला ते आपल्या दोन्ही हातांनी धरून ठेवावे लागले.