लग्नाच्या गाण्यातली हलगी

सोमवारी आमचं हॉटेल बंद असतं. हेगजवळच्या रायस्वाइकमधल्या माझ्या खोलीवर आठवड्याचे कपडे धूत होतो, तेव्हा मलरक्काचा फोन आला. “तुझा अण्णा गेला,” ती म्हणाली. सकाळी कामावर, काचघरात, टोमॅटोच्या दोन रांगांमधून गाडी ढकलता ढकलता तो खाली बसला आणि परत उठला नाही. वय एक्कावन्न. माझे हात साबणाचे होते. ते पुसायचं सुचायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही.

त्याला आता पाच आठवडे झाले. सेल्वराज त्याचं नाव. तिरुनेलवेलीकडचा तमिळ माणूस, पण वीस वर्षं धारावीत काढलेली, त्यामुळे मराठी बोलायचा, त्याच्या पद्धतीची. तिथं तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. त्याची बायको मलर, माझी मलरक्का, मुंबईत नर्स होती. तिला इथं वृद्धाश्रमात नोकरी लागली, तसा तोही मागोमाग आला. दिवसा टोमॅटो तोडायचे आणि उरलेल्या वेळात चाली बांधायच्या. एका तमिळ सिनेमाची सहा गाणी त्यानं केली. एकच सिनेमा. हेगमध्ये किराणा दुकान असलेल्या एका तमिळ गृहस्थांनी तो काढला, सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. शूटिंग तिकडे मदुराईच्या बाजूला झालं आणि गाणी इथं, अण्णाच्या घराच्या मागच्या खोलीत. शोकसभेत जो उठला तो म्हणाला, गुणी माणूस होता, पण एका हट्टापायी मागे राहिला. तो हट्ट म्हणजे चौथ्या गाण्यातली हलगी, आणि ती मी वाजवलेली आहे. आता त्याच लोकांना त्याची आठवण म्हणून ती सीडी पुन्हा काढायची आहे... हलगी काढून टाकून, तिच्या जागी बासरी घालून. म्हणून हे लिहायला बसलो. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसानं पेपरात काय लिहायचं, ही धाकधूक आहेच. तरी लिहितो.

मी इथं स्वयंपाकी म्हणून आलो. अण्णा आमच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी टोमॅटोची खोकी घेऊन यायचा. अण्णा म्हणायचं तर ‘तू’ म्हण, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. एकदा पावसात मला खोलीवर सोडायला आला आणि कपाटावरची गोधडीत गुंडाळलेली गोल वस्तू त्याच्या नजरेत भरली.

“काय आहे ते?”

“काही नाही, मोठं ताट आहे.”

“ताट गोधडीत? तुझं ताट आजारी आहे काय?”

त्यानं स्वतःच ते खाली काढलं. बाबांची हलगी होती. बाबा कोल्हापूरकडं कुस्तीच्या मैदानात ती वाजवायचे, आणि मयताच्या पुढंही. कुस्तीत वाजली की फेटा मिळायचा, मयतात वाजली की लांबून ओंजळीत पाणी. शाळेत लेझमीला हलगी मीच वाजवायचो. गॅदरिंगच्या फोटोत मात्र गुरुजींनी मला बाजूला उभं राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही. इथं अ‍ॅमस्टेलव्हीनला मराठी मंडळींच्या जेवणाचं काम करताना कुणी गाव-आडनाव विचारलं की मी भाजीत पाणी कमी पडलंय का बघायला आत जायचो. हलगी कपाटावर ठेवलेली ती त्याच भीतीनं. अण्णानं यातलं काही विचारलं नाही. बोटानं एक टिचकी मारली आणि म्हणाला, “भिजली बिचारी. सोमवारी घेऊन ये.”

त्याच्या मागच्या खोलीत भिंतींना आणि खिडकीला जुन्या गाद्या लावलेल्या होत्या. मधे एक कीबोर्ड, एक संगणक, दोन माइक. इथल्या हवेत हलगी पाच मिनिटांत ढिली पडायची. गावाकडं उसाचं पाचट पेटवून शेकतात तशी मी ती गॅसवर शेकायचो, पळत खोलीत यायचो, वाजवायचो, पुन्हा पळत स्वयंपाकघरात. “तुझ्या पळण्याचा पण ताल बरा आहे,” अण्णा म्हणायचा. पक्कं रेकॉर्डिंग ठरलं त्या दिवशी सकाळी मी अतिशहाणपणा केला. हॉटेलात तंदूर तापलेलाच होता. म्हटलं, इथंच कडक करून नेऊ. रोटीचा अंदाज हलगीला लावला... एक बारीक आवाज आला आणि बाबांच्या हातचं चामडं मधोमध फाटलं.

ते रिकामं कडं घेऊन मी त्याच्या दारात उभा राहिलो. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं माइकची वायर गुंडाळून ठेवली आणि मला घेऊन मोरोक्कन खाटकाकडं गेला. बकऱ्याचं कातडं आणलं, चुन्याच्या पाण्यात घालून थेट न्हाणीघरातल्या टबात ठेवलं.

मलरक्का ड्यूटीवरून आली ती ओरडलीच. “दिवसभर म्हाताऱ्यांना आंघोळी घालून येते, आणि माझ्या टबात बकरी?”

“अर्धीच आहे,” अण्णा म्हणाला.

चार दिवसांनी त्यानं कातडं बाहेर काढलं. केस खरवडले, अक्काच्या चिंचेतले चिंचोके भाजून, वाटून त्याची खळ शिजवली, कड्याला लावली आणि चामडं ओढायला घेतलं. मी बघतच राहिलो. एका बाजूनं ओढायचं, गुडघ्यानं दाबायचं, समोरची बाजू ओढायची, कान लावून ऐकायचं. कीबोर्डवाल्याचे हात नव्हते ते.

“अण्णा, हे कुठं शिकलास?”

“घरी,” तो म्हणाला. समोरची बाजू त्यानं पुन्हा ओढून धरली.

गाणं वरातीचं होतं. बाकी गाण्यांत आधी चाल, मग ठेका. याला त्यानं उलटं केलं. “आधी तू वाजव. बाकीचे तुझ्या मागे येतील.” मी एकटाच वाजवलं. त्यावर युट्रेख्टला शिकणाऱ्या एका मुलीचं व्हायोलिन चढलं, आणि मग ते सगळं चेन्नईला पाठवून गायिकेचा आवाज कुरिअरनं आला. एवढी मोठी गायिका माझ्या काठीच्या टोकावर पाय ठेवत चालल्यासारखी गात होती. मी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकवेना.

सरांनी ते त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ऐकलं, तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून. पाच गाण्यांना मान हलली. चौथ्याला हात वर झाला. ते तमिळमध्ये बोलत होते, अक्का माझ्या कानात मराठीत सांगत होती. हे मयताचं वाद्य आहे. आमच्याकडं यालाच पराई म्हणतात. लग्नाच्या गाण्यात हे वाजलं तर लोक उठून जातील.

मी मधेच म्हणालो, “अण्णा, काढून टाक. माझं काही नाही.”

“तू गप. तुला कुणी विचारलं?” तो मला मराठीत म्हणाला आणि सरांकडं वळला. अक्का कानात सांगत होती आणि सांगता सांगता तिचा आवाज बदलत गेला. “म्हणतोय, माझा बाप हेच वाजवायचा. कुणी मेलं की त्याला बोलावणं, लग्न असलं की तो वेशीबाहेर. वीस वर्षं मी कीबोर्डमागे लपलो. आता लग्नात तो आत येणार. घ्यायची तर सहाच्या सहा गाणी घ्या. नाहीतर एकही नको.”

लग्नाला इतकी वर्षं झालेली असूनही असं चारचौघात तो पहिल्यांदाच बोलत होता, हे अक्कानं मला परतताना ट्राममध्ये सांगितलं.

शूटिंगच्या तारखा लागलेल्या होत्या. सरांनी गाणी घेतली, आणि पुढच्या सिनेमाला दुसरा संगीतकार.

सीडी निघाली त्या दिवशी हेगच्या हॉलमध्ये गाणी लावली. हलगी सुरू झाली आणि खरंच काही माणसं उठली. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी नातवाचा हात धरून त्याला ओढत बाहेर नेलं, तो मागं वळून स्पीकरकडं बघत होता. सिनेमा थोडे दिवस चालला आणि उतरला. कुणीतरी सगळ्यांना ईमेल केला की चौथं गाणं म्हणजे स्मशानातला गोंगाट आहे. अण्णानं तो छापून फ्रिजवर लावला. “माझ्या बापावर पहिल्यांदा कुणीतरी काही लिहिलं,” म्हणाला. मग त्याच्या गावाहून फोन आला. तिथली पराई वाजवणारी पोरं सीडी लावून माझे ठोके शिकत होती. अण्णा फोन ठेवून नुसता हसत बसला.

कव्हरवर त्यानं माझं नाव वडिलांच्या नावासकट आणि गावासकट छापून घेतलं होतं. मी एक प्रत घरी पाठवली. बाबांनी गाणं ऐकून फोनवर एवढंच विचारलं, “चामडं कुणी चढवलं रे? ताण बरोबर आहे.” मी अण्णाला तसंच सांगितलं. हॉलमधून माणसं उठली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तेव्हा आलं.

गेल्या सोमवारी सर ही सीडी काढणाऱ्या कमिटीतल्या दोघांना घेऊन अक्काकडं आले. मूळ रेकॉर्डिंगची डिस्क हवी होती, आणि माझी सही, की हलगी काढायला माझी हरकत नाही. मला बाजूला घेऊन सर हिंदीत म्हणाले, “सोच लो, तुम्हारे सेठ को मैं जानता हूँ.” माझं परमिट मालकाच्या कागदावर आहे, हे त्यांना ठाऊक होतं. गावाकडं माझ्यावर पाच माणसं आहेत... कागद समोर होता, पेन त्यांनी उघडूनच दिलं होतं. मी म्हटलं, “हरकत है.” आवाज केवढासा आला, पण आला.

अक्कानं त्या तिघांना मागच्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि चौथं गाणं पूर्ण लावलं, शेवटच्या ठोक्यापर्यंत. कुणी उठलं नाही. उठणार कसं, दाराशी ती उभी होती.

“लोग क्या कहेंगे, मॅडम?” मलाही कळावं म्हणून सर हिंदीतच म्हणाले.

“कहने दो,” ती म्हणाली. “तो जिवंत असताना म्हणालात, त्यानं ऐकून घेतलं. आता त्याचं काय करणार आहात?” निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत. तमिळमध्ये बोलायची मेहेरबानी तिनं केली नाही.

डिस्क तिच्याकडंच आहे. सीडी निघेल की नाही, माहीत नाही. निघाली तर सहाच्या सहा गाणी, जशी त्यानं केली तशी. माझ्या मालकानं अजून काही विचारलेलं नाही. रोज सकाळी ते आत येतात तेव्हा त्यांच्या हातात काही कागद आहे का, हे मी आधी बघतो.

ते तिघे गेल्यावर अक्कानं खुर्चीवर चढून खिडकीवरची गादी ओढून काढली. कडेची धूळ तिच्या केसांवर पडली. खिडकी उघडली, तसा मागच्या रस्त्यावरचा गार वारा खोलीत घुसला. “शेकून आण,” ती म्हणाली, “आणि वाजव.”

“अक्का, शेजारी...”

“वाजव म्हटलं ना.”

मी हलगी गॅसवर शेकली, कानाशी धरून टिचकी मारली आणि खिडकीत उभा राहिलो. वरातीचा ठेका धरला. खाली सायकलवरून चाललेली एक बाई पाय टेकून थांबली, वर बघू लागली. तिच्यामागं आणखी एक थांबला. मी हात थांबवला नाही.